सतराव्या वर्षाचा प्रश्न : लुइझियानाच्या दोन कायद्यांचे परीक्षण

अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या विधिमंडळाने २०१६ साली जो निर्णय घेतला, तो त्याच विधिमंडळाने २०२४ साली फिरविला. सतरा वर्षांच्या आरोपीचा विचार बाल-न्यायालयाने करावा की प्रौढांच्या फौजदारी न्यायालयाने, एवढाच काय तो वादविषय. २०१६ पर्यंत सतराव्या वर्षीच आरोपीस प्रौढ मानणारी अशी नऊ राज्ये अमेरिकेत होती व लुइझियाना त्यांपैकी एक होते. नव्या कायद्याने ही मर्यादा अठरा वर्षांवर नेली. हिंसक नसलेल्या गुन्ह्यांना ती मार्च २०१९ पासून व उरलेल्या गुन्ह्यांना जुलै २०२० पासून लागू झाली. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये, नवे गव्हर्नर जेफ लँड्री यांनी गुन्हेगारीच्या प्रश्नावर बोलाविलेल्या खास अधिवेशनात, ती पुन्हा सतरावर आणण्यात आली आणि १९ एप्रिल २०२४ पासून जुनी स्थिती परत आली. सत्तापालट होताच कायदा पालटावा यात नवल नाही. नवल आहे ते हे की, दोन्ही वेळा मूळ प्रश्नाला कोणी हात घातला नाही.

वयाची रेषा व गुन्ह्याचे गांभीर्य या दोन वस्तू भिन्न आहेत. पहिली व्यक्तीच्या अवस्थेविषयी बोलते, दुसरी तिच्या कृत्याविषयी. १८९९ साली इलिनॉय राज्याने शिकागो येथे पहिले बाल-न्यायालय स्थापिले, तेव्हा सोळा वर्षांखालील मुलांपुरता विचार करताना कृत्य गौण व मूल मुख्य अशी भूमिका घेण्यात आली. न्यायाधीशाने दंडकर्ता न होता पालक व्हावे, ही त्यामागील कल्पना होय. कल्पना उदात्त होती, पण निर्दोष खास नव्हती. १९६४ साली ॲरिझोना राज्यात दूरध्वनीवरून शेजारणीशी असभ्य भाषण केल्याच्या आरोपावरून जेराल्ड गॉल्ट या पंधरा वर्षांच्या मुलास एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुधारशाळेत ठेवण्याचा हुकूम झाला. त्याच कृत्याबद्दल प्रौढास पाच ते पन्नास डॉलर दंड किंवा फार तर दोन महिन्यांची कैद होऊ शकली असती! मुलाला वकील नव्हता, आरोपाची धड सूचना नव्हती, तक्रार करणारी बाई न्यायालयात आलीच नाही. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा हुकूम रद्द केला आणि वकील, सूचना, साक्षीदाराची उलटतपासणी व मौनाचा अधिकार हे संरक्षण मुलांनाही दिले. बाल-न्यायालय म्हणजे केवळ दया व प्रौढ न्यायालय म्हणजे केवळ क्रौर्य, अशी सोपी विभागणी करणाऱ्या सुधारकांना हा खटला आजही अडचणीचा ठरावा.

२०२४ च्या कायद्याचे समर्थक एकच मुद्दा पुनःपुन्हा मांडीत होते : सतरा वर्षांची मुले खून, सशस्त्र दरोडे व बलात्कार करतात आणि बाल-न्यायालयाच्या सौम्य हातून सुटतात. हा युक्तिवाद राज्यघटनेच्या पाचव्या अनुच्छेदातील १९ व्या कलमाशेजारी ठेवून पाहिला असता त्यातील पोकळपणा तत्काळ दृष्टोत्पत्तीस येतो. सतरावा वाढदिवस होण्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांचा विचार खास बाल-प्रक्रियेनेच व्हावा, असे हे कलम सांगते. परंतु खून, बलात्कार, सशस्त्र दरोडा, अपहरण इत्यादी गुन्ह्यांची एक यादीही ते देते व त्यांपुरता अपवाद करण्याची मुभा विधिमंडळास दोन-तृतीयांश मताने देते. ही मुभा विधिमंडळाने फार पूर्वीच वापरली आहे. पंधरा वर्षांवरील मुलावर अशा घोर गुन्ह्याचा आरोप आला, तर त्याचा खटला प्रौढ न्यायालयात चालविण्याचा मार्ग २०१६ च्या सुधारणेनंतरही खुलाच राहिला होता. अर्थात ज्या आरोपींचा दाखला देऊन रेषा खाली ओढली गेली, त्यांना रेषेची आडकाठी कधी नव्हतीच. मग नव्या कायद्याच्या कक्षेत नव्याने आले कोण? यादीबाहेरचे सगळे : किरकोळ चोरी करणारा, दुसऱ्याची मोटार पळविणारा, शाळेत मारामारी करणारा, खिशात अंमली पदार्थाची पुडी सापडलेला. वाघाचे नाव सांगून जाळे लावावे आणि त्यात ससे सापडावेत, तसा हा प्रकार आहे.

२०२० नंतर हत्यांचे प्रमाण वाढले, हे समर्थकांचे म्हणणे खोटे नव्हे. मात्र ही वाढ साऱ्या अमेरिकेत झाली. टेक्सस व जॉर्जिया या राज्यांत सतरा वर्षांचा आरोपी तेव्हाही प्रौढच मानला जात होता, आणि तेथेही हत्या वाढल्या. महासाथीच्या वर्षी सर्वत्र घडलेल्या गोष्टीचे कारण एका राज्याच्या वयोमर्यादेत शोधणे हा तर्कदोष होय. खरी दुरवस्था होती ती संस्थांची. बाल-सुधारगृहांतून मुले पळून जाऊ लागली तेव्हा राज्य सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात काही मुलांना अंगोला या विख्यात प्रौढ कारागृहाच्या आवारात, पूर्वी देहदंडाचे कैदी ज्या इमारतीत ठेवीत तेथे हलविले. सप्टेंबर २०२३ मध्ये संघीय न्यायाधीशांना त्यांना तेथून काढण्याचा आदेश द्यावा लागला. सुधारगृहाच्या भिंती, नोकरवर्ग व शाळा यांचा प्रश्न वयाची रेषा हलवून सुटत नाही.

तथापि दोष एकाच बाजूचा नाही. २०१६ च्या सुधारकांनी मेंदूविज्ञानावर मोठी भिस्त ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अल्पवयीनांचा देहदंड अवैध ठरविताना किशोरांच्या अपरिपक्वतेचा आधार घेतला होता. ‘मॉन्टगोमेरी विरुद्ध लुइझियाना’ या खटल्याचा निर्णय तर जानेवारी २०१६ चा. १९६३ साली सतराव्या वर्षी एका पोलीस अधिकाऱ्याचा खून केलेल्या हेन्री मॉन्टगोमेरी यांना त्या निर्णयाने सुटकेसाठी अर्ज करण्याची वाट मिळाली व २०२१ साली ते तुरुंगाबाहेर आले. पण मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालते, असे मानले तर अठरा ही रेषाही तितकीच कृत्रिम ठरते. सुधारकांनी या शंकेचे उत्तर दिले नाही. विज्ञानाच्या नावावर सोयीचा आकडा स्वीकारला. जो आकडा केवळ सोयीने येतो तो सोयीनेच जातो. अठरा या आकड्याचे भक्कम समर्थन दुसरीकडे होते. या वयाखालील व्यक्तीस मतदान करता येत नाही व ज्यूरीत बसता येत नाही. प्रौढ कारागृहात अठरा वर्षांखालील कैदी ठेवायचा झाल्यास तो प्रौढ कैद्यांच्या नजरेपासून, आवाजापासून व संपर्कापासून दूर ठेवावा, असा २०१२ चा संघीय नियम आहे. म्हणजे राज्याचा कायदा ज्याला खटल्यापुरता प्रौढ म्हणतो, त्यालाच कोठडीच्या दारात मूल समजावे लागते. ही विसंगती २०१६ च्या चर्चेत अग्रस्थानी असती, तर २०२४ साली तिला उत्तर देणे विरोधकांना जड गेले असते.

भारतीय संसदेने उलट मार्ग पत्करला आहे. मुंबई इलाख्याच्या १९२४ च्या बालक अधिनियमापासून पाहिल्यास आपल्याकडेही रेषा सरकत आली : १९८६ च्या कायद्यात मुलगे सोळा व मुली अठरा, २००० च्या कायद्यात दोघेही अठरा. २०१५ साली, दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर, रेषा अठरावर कायम ठेवून सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिघोर गुन्ह्याचा आरोप असल्यास बाल न्याय मंडळाने त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यांकन करावे, असे कलम १५ मध्ये ठरले. मूल्यांकन कशाच्या आधारे, हा प्रश्न तेथे उरतो व तो लहान नाही. पण निदान व्यक्तीकडे पाहण्याचे बंधन तेथे आहे. लुइझियानाच्या सतरा वर्षांच्या आरोपीच्या वाट्याला तेवढेही येत नाही. (मराठीत रूढ ‘बालगुन्हेगार’ या शब्दात विशेषण एक व विशेष्य दुसरेच सांगते, तर शासकीय ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा शब्द उच्चारास कठीण असला तरी बालकास विशेष्याचे स्थान देतो, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.)

लुइझियानाच्या विधिमंडळाने नंतर घटनेतील त्या यादीवरच रोख धरला. कोणत्याही गंभीर गुन्ह्याचा समावेश दोन-तृतीयांश मताने करता यावा, अशी घटनादुरुस्ती २९ मार्च २०२५ रोजी मतदारांपुढे ठेवण्यात आली व सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी ती फेटाळली. त्या दिवशी मतास टाकलेल्या चारही दुरुस्त्या पडल्या. त्यामुळे या कौलाचे श्रेय केवळ बाल-न्यायाविषयीच्या लोकमतास देणे धाडसाचे होईल. सोळा वर्षांखालच्या व सोळा वर्षांच्या मुलांपुरती जुनी यादी टिकून आहे. सतरा वर्षांच्या आरोपीस मात्र त्या यादीचा आता उपयोग नाही. गुन्हा यादीत असो वा नसो, त्याची वाट प्रौढ न्यायालयाकडेच जाते.