‘अंमलबजावणी’ : एका शासकीय शब्दाचा अर्थविचार

कायदा असो, योजना असो वा न्यायालयाचा हुकूमनामा, त्याची अखेर ‘अंमलबजावणी’ व्हावयाची असते. शासकीय मराठीत हा शब्द इतका रुळला आहे की, त्याच्या घडणीकडे सहसा लक्ष जात नाही. प्रस्तुत टिपणात त्याच्या अर्थप्रवासाचा विचार केला आहे.

‘अंमल’ हा मूळचा अरबी ‘अमल’; त्याचा अर्थ कृती, काम. ‘बजावणी’च्या मुळाशी फारसीतील ‘बजा आवर्दन’ हा प्रयोग आहे. ‘जा’ म्हणजे जागा. तेव्हा सोपविलेली गोष्ट जागच्या जागी आणून पुरी करणे, हा त्याचा आशय. दोन्ही घटक मुळात कार्यवाचक आहेत, सत्तावाचक नाहीत. मराठीत मात्र ‘अंमल’ कामावरून अधिकाराकडे आणि अधिकारावरून राजवटीकडे सरकला. ‘पेशव्यांचा अंमल’, ‘इंग्रजी अंमल’ या प्रयोगांत काम उरलेले नाही, केवळ सत्ता उरली आहे. ‘अंमल चढणे’, ‘अंमली पदार्थ’ यांत तोच शब्द नशेचा वाचक होतो. सत्ता व नशा यांत समान आहे तो ताबा.

‘बजावणे’ने मात्र मूळचा आशय बऱ्याच अंशी जपला. अधिकारी कर्तव्य बजावतो, नागरिक मतदानाचा हक्क बजावतो. ‘नोटीस बजावणे’ यातही नोटीस योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी आहेच.

शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून विसाव्या शतकातील सावरकरांच्या भाषाशुद्धीपर्यंत अरबी-फारसी शब्दांना पर्याय देण्याचे प्रयत्न झाले. ‘कार्यान्वयन’सारखे संस्कृतनिष्ठ पर्यायही आज प्रचारात आहेत. परंतु शब्द बदलल्याने मूळ दोष दूर होत नाही. ‘अंमलबजावणी करण्यात येईल’ या वाक्यात कर्ता नाही. ‘कार्यान्वयन करण्यात येईल’ यातही तो नाही. काम कोणी, केव्हा करावयाचे, हे दोन्हींत अनुत्तरितच राहते. काम न झाल्यास जाब कोणाला विचारावा, हेही त्यामुळे वाक्यातून कळत नाही. याउलट ‘अधिकाऱ्याने कर्तव्य बजावले’ असे म्हणताच जबाबदारी निश्चित होते.

थोडक्यात, शासकीय मराठीची खरी कसोटी शब्दाच्या कुळात नसून वाक्यातील कर्त्यात आहे. ‘अंमल’मधील सत्ता टिकली, ‘बजावणी’तील कर्तव्यही तितक्याच स्पष्टपणे वाक्यात दिसणे आवश्यक आहे.