मेल्यावरही न सुटलेला ‘मी’



वारकऱ्याने सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ वाचावे का, असे कुणी विचारले तर मी म्हणेन, जरूर वाचावे आणि मनापासून हसावेही. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९७४ साली हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यात मरणाची थट्टा आहे, शिवाय ती कीर्तनाच्या अंगाने केलेली आहे. एखाद्या भाविकाला हे खटकेल. पण थट्टा नेमकी कोणाची, हे आधी पाहू या.

चाळीत राहणारे भाऊराव मरण पावले आहेत. पण मरूनही ते गप्प बसत नाहीत. स्वतःच्या मरणाचे आख्यान स्वतःच लावतात. पत्नी रमा रडते, चाळकरी मोठ्या हौसेने तयारीला लागतात, मुलगा नाना येतो. भाऊरावांचा हट्ट एकच, आपल्याला जुन्या स्मशानातच जाळावे. ते स्मशान तर बंद झालेले. झाले, प्रेत खोळंबले! मेलेल्याने आपली कथा सांगावी ही कल्पना साहित्यात नवी नाही. ब्राझीलच्या मशादु द अस्सिस यांच्या १८८१ सालच्या कादंबरीतही मेलेला माणूसच बोलतो. आळेकरांनी मात्र त्या मृताला आपल्या मातीतले कीर्तन दिले.

हे कीर्तन आपल्या फडावरचे नव्हे. वीणा, मृदंग, मागे उभे टाळकरी आणि निरूपणाला संतांचा एक अभंग, ही आपली रीत. भाऊरावांचे वळण हरिदासी आहे. पण दोन्ही परंपरांत मध्यभागी हरीच असतो. भाऊराव नारदाच्या गादीवर उभे राहून गुण गातात ते भाऊरावांचे! हसू येते ते इथे. म्हणून मला वाटते, ही थट्टा कीर्तनाची नाही. कीर्तनातून देव वजा केल्यावर काय उरते, ते नाटककाराने दाखवले आहे.

तुकोबांनीही आपले मरण आपण पाहिल्याचे सांगितले आहे. पण ते जिवंतपणी पाहिले, आणि त्यात जळाला तो ‘मी’. भाऊरावांनी ते मेल्यावर पाहिले. देह गेला, ‘मी’ तसाच राहिला, आणि त्या ‘मी’ला आपले स्मशानही हवे आहे. देहबुद्धी देहाबरोबर जात नाही, हे तासाभराच्या प्रवचनात जे पटत नाही ते हे नाटक हसता हसता पटवते. हसण्याचे आपल्याला वावडे नाहीच. नाथबाबांच्या भारुडात भूतसुद्धा येते आणि पाहावे तर ते परमात्माच निघते. फरक एवढाच की नाथबाबा हसवून त्या परमात्म्यापाशी नेऊन सोडतात. आळेकर आपल्याला स्मशानाच्या दाराशी सोडतात. पुढची वाट ज्याची त्याने शोधायची.

दोन ठिकाणी मात्र मी अडखळतो. पहिले रमेचे. नवरा जाताच तिचे मन खांदेकऱ्यांतल्या एकाकडे वळते, आणि आपण हसतो. पण एकट्या पडलेल्या बाईची भीती त्या हशात विरून जाते. दुसरे स्मशानाचे. आपल्या मुळशी खोऱ्यातल्या माणसाला भाऊरावांचा हट्ट नुसता वेडेपणा वाटणार नाही. १९२१ साली सेनापती बापटांच्या साथीने इथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तरी धरण झाले. शेते, घरे, देवळे गेली, तसे वाडवडिलांचे मसणवटेही मुळेच्या पाण्याखाली गेले. ज्या मातीत आजा जळाला तिथेच आपणही जळावे, ही ओढ केवळ अहंकार म्हणून झटकता येत नाही. नाटक तिच्याकडे अधिक मायेने पाहते तर मला आवडले असते.

तरीही हे नाटक आपल्याला हवे, याचे कारण आपले दशक्रियेचे घाट आहेत. सकाळी प्रवचन लागते. बुवा अभंग घेतात. पण थोड्याच वेळात मृताचा जमीनजुमला, त्याची पदे, त्याची मुले कुठे लागली हे सुरू होते. मग श्रद्धांजलीची भाषणे, एकामागून एक. आलेल्या पुढाऱ्यांची नावे घेण्यात वेळ जातो आणि अभंगाचे शेवटचे चरण घाईने उरकले जाते. मेलेला बिचारा काही बोलत नाही. त्याच्या वतीने आपणच भाऊरावांचे कीर्तन करतो.

तेव्हा माउली, पुढच्या वेळी घाटावर बसाल तेव्हा एवढे करा. मृताचे नाव किती वेळा आले आणि विठ्ठलाचे किती वेळा, हे मनातल्या मनात मोजा. आणि आपल्या दहाव्याला काय व्हावे, ते घरच्यांना आजच सांगून ठेवा. भाऊरावांनी हट्ट धरला तो मेल्यावर. आपल्याला तो जिवंतपणी धरता येतो. फक्त तो स्मशानाचा नसावा, नामाचा असावा.