तुंब्याची पकड

हौशी रोबोसाठी चाक घेताना नजर आधी जाते ती त्याच्या व्यासाकडे, रबराच्या नक्षीकडे, रंगाकडे. मला मात्र चाकाचं खरं सौंदर्य मधल्या भोकात दिसतं. मोटरचा 6 मिलिमीटरचा शाफ्ट जिथे शिरतो, तो इंचभरही लांब नसलेला हब ओळीओळीने वाचावा असा आहे.

वऱ्हाडात हे वाचन सोपं जातं, कारण चाकाचे निरनिराळे स्वभाव या एकाच मुलखात नांदले. बंडीचं लाकडी चाक घ्या. आस स्थिर, चाक त्याच्याभोवती मोकळं. ओढतो तो बैल. चाकाने अडायचं नाही, एवढंच त्याचं काम. म्हणून तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडी ठोकळ्यात, भरपूर वंगण आणि चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ. तुंब्याचं आसावर सैल असणं हा इथे गुणच. पकड हवी ती बाहेरच्या कडेला. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतात, तापवून फुगवतात, चढवतात आणि वर पाणी ओततात. आकसताना ती पाट्या, आरे आणि तुंबा यांना एकमेकांत असं दाबते की सगळं लाकूड एकजीव होतं.

मूर्तिजापूरहून एका बाजूला अचलपूरला आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळला पूर्वी धावणाऱ्या शकुंतला या आगगाडीचं चाक याच्या अगदी उलट. 762 मिलिमीटरच्या अरुंद रुळांवर दोन चाकांतलं अंतर तसूभरही हलून चालत नाही. म्हणून आगगाडीचा आस भोकापेक्षा किंचित जाड ठेवतात आणि चाक प्रचंड दाबाने त्यावर बसवतात. चाक फिरलं की आसही फिरलाच. धावेची युक्ती इथे कडेवरून मध्यभागी आली, याचं मला फार कौतुक वाटतं.

रोबोचं चाक याच दुसऱ्या जातीचं. त्याला कोणी ओढत नाही, आतून फिरवलं जातं, आणि तो सगळा जोर हबमधूनच जातो. 5 किलो-सेंटिमीटर टॉर्कची मोटर धरा. 10 सेंटिमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेला, म्हणजे केंद्रापासून 5 सेंटिमीटरवर, तिचा जोर भरतो 1 किलो. तोच टॉर्क शाफ्टच्या अंगावर, केंद्रापासून अवघ्या 3 मिलिमीटरवर, जवळजवळ 17 किलोंचा होतो. रोबो भिंतीला टेकला आणि चाक अडलं, की एवढा भार हबमधून शाफ्टवर आवळलेल्या एका बारक्या ग्रब स्क्रूच्या टोकावर येतो. शाफ्ट पूर्ण गोल असेल तर स्क्रूला आधार फक्त घर्षणाचा. तो चरे पाडत घसरतो. एका बाजूने सपाट केलेल्या डी-शाफ्टवर मात्र तो त्या सपाट बाजूवर उभा राहतो. घसरायचं तर शाफ्टच्या कडेला तो स्क्रू उचलूनच बाजूला सारावा लागेल. गोलाईतला अर्धा मिलिमीटर धातू काढून टाकला आणि पकड वाढली! वजाबाकीतून आलेली ही ताकद या सगळ्या रचनेतली सर्वांत देखणी जागा आहे.

पिवळ्या प्लास्टिकच्या बीओ मोटरीच्या शाफ्टला दोन्ही बाजू सपाट असतात, आणि तिच्या चाकाचं भोकही त्याच आकाराचं. अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांतल्या पहिल्यावहिल्या लाइन फॉलोअरला ती जोडी पुरेशी आहे. पण ते चाक 6 मिलिमीटरच्या शाफ्टवर ठोकून बसवू नये; प्लास्टिक तडकतं.

भोकाचं मापही बारकाईने वाचावं. 6 च्या जागी 6.2 मिलिमीटर असेल तर फरक डोळ्यांना दिसतही नाही. पण 15 मिलिमीटर लांबीच्या हबमध्ये तेवढ्या फटीने चाक कलतं आणि 10 सेंटिमीटरच्या चाकाची कड दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरहून जास्त डुगडुगते. स्क्रू कितीही आवळा, तो शाफ्टला भोकाच्या एका अंगाला ढकलणार. केंद्र सरकलं ते सरकलंच. आणि हब व चाक वेगवेगळे घेतले, तर फ्लँजची भोकं किती व्यासाच्या वर्तुळावर आहेत ते मोजावं. दोन्हीकडे भोकं चार आहेत, तेवढ्यावर विसंबू नये.

खरी परीक्षा काळ्या मातीत. रोबो शेतात उतरवायचा मोह या कपाशीच्या मुलखात होणारच. उन्हाळ्यात या जमिनीला भेगा पडतात आणि 2 सेंटिमीटर रुंदीचं चाक त्यात उभंच्या उभं अडकतं. पावसात चिखल रबराच्या नक्षीत असा बसतो की नक्षी उरतच नाही. रुंदी वाढवायला दोन चाकं शेजारी जोडली, की भार गिअरबॉक्सपासून दूर जातो आणि शाफ्ट वाकतो. माझ्या मते इथे चाक थेट मोटरवर चढवूच नये. एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमधून 10 किंवा 12 मिलिमीटरचा स्वतंत्र आस वळवून घ्यावा, त्याच्या दोन्ही टोकांना बेअरिंग द्यावं आणि मोटर कपलिंगने जोडावी. मग वजन बेअरिंगवर राहतं आणि मोटरच्या शाफ्टवर फक्त पीळ येतो. आसावर चावीची खाचही पाडून घ्यावी, म्हणजे चाक अडलं तरी भार एकट्या ग्रब स्क्रूवर येत नाही.