वसाहतकालीन फर्निचरचे मूळ : एक चिकित्सा

प्रस्तावना

सोलापूर परिसरातील जुने वाडे पाडले जाऊ लागले, तशी त्यांतील सागवानी कपाटे, शिसवी पलंग व वेताने विणलेल्या आरामखुर्च्या जुन्या सामानाच्या बाजारात येऊ लागल्या. ‘ब्रिटिशकालीन’ किंवा ‘पोर्तुगीज’ असे नाव देऊन त्या विकल्या जातात. राज्यकर्त्याच्या नावावरून वस्तूचे मूळ ठरविणे कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी अमीन जाफर यांचा ‘फर्निचर फ्रॉम ब्रिटिश इंडिया अँड सिलोन’ (२००१) हा ग्रंथ आधारभूत मानला आहे.

नाव आणि मूळ

‘इंडो-पोर्तुगीज’ ही संज्ञा लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील १८८१ च्या प्रदर्शनाच्या निमित्ताने जॉन चार्ल्स रॉबिन्सन यांनी रूढ केली. ज्या वस्तूंना ती लावली जाते, त्या मात्र बहुधा सोळाव्या-सतराव्या शतकांतील आहेत. शिंपल्याचे जडावकाम केलेल्या पेट्या गुजरातेत तयार होत आणि पोर्तुगीज जहाजांतून युरोपात जात. अशी पेटी लिस्बनला सापडली म्हणून ती पोर्तुगीज ठरत नाही; गोव्यात सापडली म्हणून गोव्याचीही ठरत नाही.

याच्या उलट उदाहरणही आहे. होरेस वॉलपोल (१७१७–१७९७) यांनी इंग्लंडमधील आपल्या स्ट्रॉबेरी हिल या वास्तूत कोरीव आबनुसी खुर्च्या जमविल्या. त्या ट्यूडर काळातील इंग्लिश खुर्च्या असल्याचा समज त्यांच्यामुळे दृढ झाला. प्रत्यक्षात त्या सतराव्या शतकातील, भारताच्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या कारागिरांनी घडविलेल्या होत्या. थोडक्यात, मालकाचे नाव टिकले आणि कारागिराचे पुसले गेले.

ग्रंथाचे मूल्य व मर्यादा

जाफर यांनी लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम व सेलम येथील पीबॉडी एसेक्स म्युझियम येथील वस्तूंचा अभ्यास केला आहे. केवळ नक्षीवर विसंबून न राहता मालमत्तेच्या याद्या व तत्कालीन लेखन यांची साक्ष ते काढतात. विशाखापट्टणमचे हस्तिदंती काम, मुंबईचे कोरीव शिसवी फर्निचर असा प्रदेशवार विचार हे या ग्रंथाचे मोठे बलस्थान होय.

तथापि संग्रहालयात पोहोचते ती प्रामुख्याने मौल्यवान वस्तू. तालुक्याच्या कचेरीतील खुर्ची किंवा वकिलाच्या घरातील कपाट तेथे क्वचितच जाते. शिवाय या याद्या मुख्यतः युरोपीय मालकांच्या आहेत. त्यामुळे हे चित्र आपल्या जिल्ह्यांना जसेच्या तसे लागू करता येणार नाही.

भाषेची साक्ष

येथे मराठी शब्दसंग्रह उपयोगी पडतो. अलमारी, चावी, बिजागरी हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, खुर्ची अरबीतून फारसीमार्गे, टेबल इंग्रजीतून. एकाच खोलीतील सामानाला तीन वाटांनी आलेली नावे आहेत. ‘लिलाव’ हा शब्दही मूळचा पोर्तुगीज. बदली झालेल्या वा मृत्यू पावलेल्या अधिकाऱ्याचे सामान लिलावात निघे, हात बदले आणि त्याचा पूर्वेतिहास तुटे. मात्र शब्दाचे मूळ म्हणजे वस्तूचे मूळ नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. वेताची विणलेली बैठक आपण ‘साहेबी’ समजतो. ती पद्धत सतराव्या शतकात आशियातूनच इंग्लंडमध्ये गेली.

निष्कर्ष

सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा. येथे सागाची जंगले नाहीत. त्यामुळे लाकूड कोठून आले, काम कोठे झाले आणि वस्तू कोणाच्या घरी राहिली, हे तीन स्वतंत्र प्रश्न मानले पाहिजेत. शैलीचे नाव या तिन्हींचे उत्तर देत नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. कायदा वस्तू देशात ठेवू शकतो; तिची माहिती राखणे हे अभ्यासकाचे काम आहे. वाडा पाडताना लाकूड एकीकडे व मोडी कागद रद्दीत गेले, तर तो दुवा पुन्हा जुळत नाही. म्हणून महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी एकत्र येऊन, विक्रीपूर्वीच अशा वस्तूंचे लाकूड, सांधे, मालक व संबंधित कागद यांची नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास जाफर यांच्या ग्रंथात न आलेला भाग आपल्याला लिहिता येईल.