कमलकुमारीची चिता, यमूची लेखणी

हरिभाऊ आपटे म्हटलं की आधी आठवतं ‘गड आला पण सिंह गेला’. 1670 सालच्या कोंढाण्याच्या लढाईवरची ही कादंबरी. हिच्यावरूनच व्ही. शांताराम यांनी 1933 मध्ये ‘सिंहगड’ हा सिनेमा काढला.

यातला तानाजी सगळ्यांना माहीत असतो. कमलकुमारी कितीजणांना आठवते? ही राजपूत विधवा सती जायला निघालेली असते. उदयभानू तिला बळजबरीने अडवतो, गडावर आणतो, लग्नासाठी मागे लागतो. ती बधत नाही. धैर्य आहेच. पण हरिभाऊंनी त्या धैर्याचं तोंड चितेकडे वळवलंय. हट्ट करायची मुभा तिला आहे, ती मरण्यापुरती.

‘काळच तसा होता’ असं कुणी म्हणेल. पण त्याच काळात जिजाबाई होत्या. 1664 मध्ये शहाजीराजे गेले, त्यानंतर त्या दहा वर्षं जगल्या आणि मुलाचा राज्याभिषेक पाहूनच गेल्या. म्हणजे जगणारी, कर्तबगार विधवाही इतिहासात होतीच.

आता याच लेखकाची यमू बघा. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी 1890 पासून हरिभाऊंच्याच ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. लहानपणी लग्न झालेल्या यमूला नवरा शिकवतो. मुंबईत दोघांचा छान संसार सुरू होतो. मग तो जातो, आणि शंकरमामंजी तिच्या मर्जीविरुद्ध तिचं केशवपन करवतात.

शिक्षण तिला वाचवत नाही. शिकलं की सगळं ठीक होतं, असा खोटा दिलासा हरिभाऊ देत नाहीत. पण शिकल्यामुळे एक गोष्ट तिच्या हाती राहते: आपलं काय झालं ते ती स्वतः सांगते. अख्खी कादंबरी तिच्याच ‘मी’मधून येते. ज्या घरात विधवेने तोंड उघडायचं नाही, तिथली बाई एकेकाचं वागणं लिहून ठेवते. मला हे तलवारीपेक्षा कमी धाडसाचं वाटत नाही.

एकाच लेखकाच्या हातून असं का व्हावं? पारतंत्र्यातल्या वाचकाला अभिमान वाटावा असा भूतकाळ हवा होता. त्यात बाई म्हणजे कुळाची अब्रू. यमू मात्र शेजारच्या वाड्यातली होती. तिला प्रतीक करून भागणार नव्हतं.

आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या आणि सिनेमे आजही बहुतेकदा कमलकुमारीच्या वाटेने जातात. पुढची कादंबरी उघडाल तेव्हा एवढंच तपासा: यातल्या बाईला काय काय कळतं, आणि त्या कळण्याचं लेखक तिला काही करू देतो का?