प्रल्हाद शिंदे : आवाज कुणाचा, देव कुणाचा?

मागच्या खेपेला इथेच खर्डीत मी कांटवर बोललो होतो. सभा संपल्यावर एक तरुण मित्र मला म्हणाला, ‘सर, पुढच्या वेळी आम्हाला माहीत असलेल्या माणसावर बोला.’ मी ते मनाला लावून घेतलं. आज ज्या माणसावर बोलणार आहे तो तुम्हाला इतका माहीत आहे की तुम्ही त्याच्याकडे कधी नीट पाहिलेलंच नाही. मीही पाहिलं नव्हतं. ते नाव प्रल्हाद शिंदे.

आधी माझा एक कबुलीजबाब. मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. तरुणपणी माझा कान भावगीतांवर आणि थोडाफार शास्त्रीय संगीतावर पोसलेला. मुंबईला शिकायला गेलो तेव्हा रेडिओवर सुधीर फडके लागले की आम्ही गप्प बसायचो आणि गल्लीतल्या मांडवात प्रल्हाद शिंदे लागले की खिडकी लावून घ्यायचो. ‘भोंग्याचं गाणं’ असं आम्ही त्याला म्हणत असू. त्या दोन शब्दांत मी एका मोठ्या गायकाची बोळवण केली होती. सौंदर्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसानं हे केलं, याची मला आज लाज वाटते.

जीवनपट थोडक्यात सांगतो, कारण तो बराचसा तुम्हाला ठाऊक आहे. जन्म 1933 चा. घराणं मूळचं सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचं. इस्माईल आझाद हे त्या काळातले गाजलेले कव्वाल. त्यांच्या पार्टीत कोरसमध्ये गाता गाता हा गडी पुढे आला. मग स्वतःच्या कव्वाल्या, भीमगीतं, लोकगीतं आणि ज्यांनी त्यांना घराघरांत नेलं ती विठ्ठलाची, गणपतीची गाणी. आधी रेकॉर्ड, नंतर कॅसेट. 23 जून 2004 ला ते गेले. त्याच वर्षी मे महिन्यात वामनदादा कर्डक गेले होते. दोन महिन्यांच्या आत आंबेडकरी गाण्याचे दोन मोठे आवाज थांबले. पुढे आनंद, मिलिंद आणि दिनकर ही मुलं, आणि आता आदर्श शिंदेंसारखे नातू. महाराष्ट्रात तीन पिढ्या लोकप्रिय राहिलेली गाणारी घरं फार नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. प्रल्हाद शिंदे बौद्ध होते. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यात ब्रह्मा-विष्णू-महेश नाहीत, राम-कृष्ण नाहीत, गौरी-गणपतीही नाहीत. शिंदे तेव्हा तेवीस वर्षांचे. आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं सत्यनारायणाच्या प्रत्येक पूजेला, प्रत्येक गणेशोत्सवात, आषाढीच्या प्रत्येक वारीत जो आवाज ऐकू आला तो यांचा. एवढंच नाही. गणपतीसमोर घरोघर वाजणारं ‘तूच सुखकर्ता’ लिहिलंय हरेंद्र जाधव यांनी, तेही आंबेडकरी कवी. म्हणजे लिहिणारा बौद्ध, गाणारा बौद्ध आणि टाळ्या वाजवून डोलणारे आपण सगळे. गंमत आहे की नाही?

ही गंमत मात्र दोन्हीकडच्या लोकांना टोचते. एका बाजूचे म्हणतात, प्रतिज्ञा एक आणि गाणं दुसरं, हा ढोंगीपणा झाला. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, बघा, शेवटी विठ्ठलानं त्यांना ओढून घेतलंच. मला ही दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. एकात माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय, दुसऱ्यात त्याला परस्पर आपल्या वारीत घातलंय. दोघांनीही गाणं ऐकलेलं नाही.

आमच्या शास्त्रात याला एक तयार उत्तर आहे. अठराव्या शतकात डिडेरो नावाचा फ्रेंच विचारवंत होऊन गेला. तो म्हणाला, उत्तम नट स्वतः रडत नाही, म्हणूनच तो दुसऱ्याला रडवू शकतो. आपल्याकडे तर हे त्याच्या कितीतरी आधी सांगून झालंय. अभिनवगुप्त म्हणतात, रसाचा आस्वाद प्रेक्षकाला, नटाला नाही. नटाला ‘पात्र’ म्हणतात ते म्हणूनच. पेला पेयाची चव घेत नाही, चव घेतो पिणारा. मग प्रश्नच मिटला! शिंदे हे पात्र, भक्तिरस आपला. त्यांची श्रद्धा कशाला विचारायची?

वर्गात मी हे उत्तर वर्षानुवर्षं शिकवलं. पण इथे, या तालुक्यात उभं राहून ते सांगताना माझी जीभ अडखळते. का ते सांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सुट्टीला गावी आलो होतो, कसाऱ्याच्या गाडीनं. आमच्या घरी सत्यनारायण होता. लाऊडस्पीकरवाला पलीकडच्या बौद्धवाड्यातला. माणूस मोठा हुशार; बॅटरी, अँप्लिफायर, दोन भोंगे, एक आंब्याच्या झाडावर आणि एक कौलावर. सकाळपासून त्यानं प्रल्हाद शिंदेंची सत्यनारायणाची कथा लावलेली. आत भटजी पोथी वाचताहेत आणि बाहेर शिंदे गाताहेत. खरं सांगू? आमच्या बायाबापड्यांना कथा कळली ती भोंग्यातून. पोथी पुटपुटल्यासारखी, आणि गाण्यात साधुवाणी, त्याची बायको, बुडालेली नाव, सगळं डोळ्यांसमोर उभं. दुपारी चहा झाला. लाऊडस्पीकरवाल्याला चहा दिला तो पडवीच्या वळचणीला खोचलेल्या वेगळ्या कपबशीतून. त्यानं चहा घेतला, कपबशी स्वतः विसळली, परत खोचली आणि कॅसेटची बाजू उलटली.

मी ते पाहिलं. काही बोललो नाही. डॉक्टरेट झालेली होती माझी.

आता सांगा, अभिनवगुप्तांचा तो ‘पात्र’ शब्द मी कसा वापरू? कपबशी हेसुद्धा पात्रच. आपण गाणं त्या गळ्यातून घेतलं आणि चहाचं पात्र वेगळं ठेवलं. सूर विटाळत नाही, कप विटाळतो! सौंदर्यशास्त्राची थिअरी जेव्हा म्हणते की गाणारा कोण हे विसरा, रस तेवढा घ्या, तेव्हा ती कुणाच्या सोयीची असते? विसरणं ऐकणाऱ्याला परवडतं. गाणाऱ्याला तसं विसरून चालत नाही.

म्हणून गाण्याकडे परत जाऊ. ‘पाऊले चालती’ घ्या. गीत दत्ता पाटलांचं, संगीत मधुकर पाठकांचं. आपण ते दिंडीचं उत्साहाचं गाणं म्हणून ऐकतो. घरी जाऊन अंतरा नीट ऐका. पंढरीला कोण निघतो? दारिद्र्यानं गांजलेला, ज्याच्या ताटात भाकर उरलेली नाही, असा माणूस. वारीची सुरुवात उपाशी पोटापासून आहे. आणि शिंदे ते कसं गातात? हुंदका काढत नाहीत. एखादा मुलायम गळ्याचा गायक त्या ओळीवर विरघळला असता. हे सरळ, उघड्या गळ्यानं, सांगून टाकल्यासारखं गातात. ती गोष्ट ज्याला नवी नाही त्याचा तो सूर आहे.

त्यांच्या गळ्याविषयी जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण त्यांच्यावर लिहिणारे चरित्र सांगतात आणि आवाज सोडून देतात. आवाज उंच पट्टीतला, खडा, फेक दूरची. हे कव्वालीचं देणं. कव्वालीत मायकाच्या आधी गर्दी असते. कोरस मागे टाळ्या देतो, मुख्य गायकाला त्यावरून उडी मारून जावं लागतं. ओळ धरायची, तिचा शेवटचा शब्द परत उचलायचा, वर न्यायचा आणि कोरसच्या हाती सोडून द्यायचा. शिंदेंचं विठ्ठलगीत ऐकताना मला नेहमी वाटतं, अंगात वारकऱ्याचा सदरा आहे, पण चालणं कव्वालाचं आहे. दर्ग्यातला ढंग, आंबेडकरी मंचाची सवय आणि पंढरीचा विषय, या तिन्हींचा सांधा एका गळ्यात बसलाय. आपल्याकडे समन्वयावर परिसंवाद होतात, मीही त्यांत मानधन घेऊन बोललोय. पण तो प्रत्यक्ष झालेला असतो अशा ठिकाणी, आणि तिथे आपण खिडकी लावून घेतो.

मंगळवेढं म्हटलं की मला आणखी एक नाव टाळता येत नाही. चोखोबा मंगळवेढ्याचे. परंपरा सांगते की तिथे गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या. समाधी कुठे? महाद्वाराच्या बाहेर, नामदेव पायरीजवळ. मंगळवेढं ते पंढरपूर पंचवीसेक किलोमीटर, पण मंदिराच्या आत जायला चोखोबांच्या लोकांना सहाशे वर्षं लागली. साने गुरुजींनी मे 1947 मध्ये उपोषण केलं तेव्हा दार उघडलं. तेव्हा प्रल्हाद शिंदे चौदा वर्षांचे असतील. ज्या देवाचं दार आपल्या आईबापांना बंद होतं तो देव या मुलानं पुढे आपल्या आवाजानं गावोगाव नेला. याला मी भक्ती म्हणणार नाही आणि व्यवसाय म्हणूनही सोडून देणार नाही. मला ते वहिवाट सांगण्यासारखं वाटतं. शेतातल्या वाटेवरून माणूस रोज जातो-येतो, तेव्हा तो मालकीचा कागद दाखवत नाही. पण वाट त्याची होते.

बाबासाहेबांची भूमिकाही इथे एकेरी नाही, हे लक्षात घ्या. ‘जातिव्यवस्थेचे उच्चाटन’ या भाषणावर गांधीजींनी आक्षेप घेतले तेव्हा त्यांना दिलेल्या उत्तरात ते संतांवर कठोर टीका करतात. संतांनी माणूस आणि देव यांच्यातलं नातं पाहिलं, माणूस आणि माणूस यांच्यातला झगडा पाहिला नाही, असा त्यांचा आशय. आणि तेच बाबासाहेब 1948 मध्ये अस्पृश्यांच्या उगमावरचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण करतात. टीका आणि ऋण एकाच मनात राहू शकतात. मोठ्या मनात तर राहतातच.

पण मी इथे वकिली करायला आलेलो नाही. शिंदेंच्या गाण्यांत मला न पटणारंही बरंच आहे. कॅसेटच्या बाजारात एक चाल चालली की तिच्या दहा नकला निघत. तसली ठोकळेबाज गाणी त्यांनीही गायली. ते सोडून देऊ. खरी अडचण ‘जैसे ज्याचे कर्म’ या गाण्याची आहे. ईश्वर कर्माप्रमाणे फळ देतो, हा त्याचा सिद्धान्त. अहो, याच सिद्धान्तानं अस्पृश्यतेला न्याय्य ठरवलं ना? तू या जातीत जन्मलास कारण मागच्या जन्मी तसं केलंस! ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेब हा पूर्वजन्मीच्या कर्माचा विचार उखडून टाकण्यासाठी पानंच्या पानं खर्च करतात. आणि तो विचार त्यांच्याच लेकराच्या गोड गळ्यातून घरोघर जातो. इथे माझ्याजवळ बचाव नाही. कुणी म्हणेल, गाण्यातला रोख याच जन्मीच्या वागण्यावर आहे, लबाडाला फळ मिळेल एवढंच ते सांगतं. असेलही. पण ऐकणारा ते तसं ऐकत नाही, हे मी आमच्याच पडवीत बसून पाहिलंय.

त्याच्या उलट ‘आता तरी देवा’. माझ्या मते हे त्यांचं सर्वांत मोठं गाणं. भक्तिगीतांच्या कॅसेटमध्ये ते खपून जातं, पण त्यात शरणागती किती आहे ते पाहा. लोक ज्याला सुख म्हणतात ते एकदा दाखव तरी, असं तो माणूस देवाला विचारतो. ‘आता तरी’ या दोन शब्दांत मागची सगळी वर्षं मोजलेली आहेत. मागणं आहे खरं, पण सूर मागणाऱ्याचा नाही, थकबाकी वसूल करायला उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिलेल्या माणसाचा आहे. चोखोबांच्या अभंगांतही हा जाब आहे. ईश्वर मानणाऱ्याला ते गाणं प्रार्थना वाटतं, न मानणाऱ्याला आरोप वाटतो. दोघांनाही गाण्यातून काही काढून टाकावं लागत नाही. कलाकृती म्हणून हे अवघड काम आहे, आणि निम्मं काम गळ्यानं केलंय. तेच शब्द दुसऱ्या कुणी लोण्यासारख्या आवाजात गायले तर आरोप नाहीसा होईल, नुसती विनवणी उरेल. करून बघा.

2013 साली ‘दुनियादारी’ चित्रपटात आदर्श शिंदेंनी एक गाणं गायलं, देवाच्या गाभाऱ्याला उंबरठा आहे की नाही अशा स्वरूपाचं. तरुण मुलं ते प्रेमभंगाचं म्हणून ऐकतात, चित्रपटात ते तसंच आहे. मी पहिल्यांदा ऐकलं ते खर्डी स्टेशनबाहेर, रिक्षात. गाणारा कुणाचा नातू हे रिक्षावाल्यानंच मला सांगितलं. ‘प्रल्हाददादांच्या घरातला आवाज आहे, लगेच कळतो,’ म्हणाला. गाभारा, उंबरठा आणि शिंदे हे आडनाव, एवढं एका वेळी माझ्या डोक्यात आलं आणि मी उतरायचं ठिकाण विसरलो.

तो लाऊडस्पीकरवाला अजून आहे. थकलाय आता, धंदा मुलगा बघतो, डीजे आहे त्यांचा. मागच्या वर्षी मी मुद्दाम त्याच्या घरी गेलो. त्या कपबशीचा विषय मला काढायचा होता. नीट काढता आला नाही. मी विचारलं ते भलतंच : ‘तुम्ही बौद्ध, मग दिवसभर सत्यनारायण लावताना काय वाटायचं?’ तो हसला. म्हणाला, ‘सर, मी सत्यनारायण कुठं लावायचो? मी प्रल्हाद शिंदे लावायचो.’

बरं, वेळ होत आली, कसाऱ्याची गाडी पकडणारे लोक चुळबुळ करताहेत. आता प्रश्न घेऊ. मागे खांबाजवळ बसलेल्या ताईंचा हात केव्हाचा वर आहे, माइक त्यांच्याकडे द्या.