'रंग' या शब्दाचे दोन अर्थ आणि आपली अमूर्त चित्रकला

अमूर्त चित्रांविषयी मराठीत लिहिताना 'चित्राची भाषा' हा शब्दप्रयोग इतक्या सहजपणे केला जातो, की ते एक रूपक आहे याचे भान पुष्कळदा लेखकासही राहत नाही. रूपक वापरण्यास हरकत नाही. परंतु त्याच्या आधारावर निष्कर्ष काढले जाऊ लागले, म्हणजे त्याची तपासणी करणे अवश्य होते. प्रस्तुत लेखात ती तपासणी भाषाशास्त्राच्या बाजूने करण्याचा विचार आहे.

भाषेची रचना दुपदरी असते, हा आन्द्रे मार्तिने यांचा सिद्धान्त विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. अर्थयुक्त घटक हा एक पदर व स्वतः अर्थहीन परंतु अर्थभेदक असे ध्वनी हा दुसरा. क्लोद लेवी-स्त्रोस यांनी १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मिथकविषयक ग्रंथाच्या प्रास्ताविकात हीच कसोटी चित्रकलेस लावली. चित्रातील वस्तूंची ओळख हा पहिला पदर. तो टाकून देऊन अमूर्त चित्रकला केवळ दुसऱ्यावर जगू पाहते, असा त्यांचा आक्षेप. अमूर्त चित्र ही भाषा नव्हे, येथपर्यंत हा आक्षेप मान्य करावा लागेल. निळ्या रंगाचा पट्टा 'शांतता' या अर्थाचा वाचक आहे असे ठरविणारा कोणताही सामाजिक संकेत नाही. परंतु भाषा नाही म्हणून ते चित्र दरिद्री ठरते, हा पुढचा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. तो निघतो असे वाटण्याचे कारण 'रंग' या एका शब्दात दडले आहे.

मराठीत 'रंग' या शब्दाने दोन भिन्न गोष्टींचा बोध होतो. 'आकाशाचा रंग निळा' या वाक्यात रंग हा डोळ्यास जाणवणारा गुण आहे. 'रंग अजून ओला आहे' या वाक्यात तो एक पदार्थ आहे. त्यास दाटपणा आहे, वजन आहे, वाळण्याचा काळ आहे. पहिल्यास वर्ण व दुसऱ्यास द्रव्य म्हणू. आपली समीक्षा बोलते ती प्रायः वर्णाविषयी. लेवी-स्त्रोस यांचा आक्षेपही वर्णासच धरून आहे. चित्र मात्र द्रव्याने घडते.

वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचे उदाहरण घ्यावे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून १९४८ साली पदविका घेतलेल्या या चित्रकाराच्या आरंभीच्या कामावर पॉल क्ले यांची छाया आहे; पुढे ती रेषा व त्या आकृती गळून पडल्या. स्वतःच्या चित्रांस 'अमूर्त' म्हणणे त्यांना मान्य नसे. 'वस्तुनिरपेक्ष' या अर्थाचे विशेषण त्यांना अधिक योग्य वाटे. हा केवळ शब्दच्छल नव्हे. 'अमूर्त' म्हटले की काहीतरी मूर्त होते व ते वगळले असे सूचित होते; गायतोंडे यांच्या कॅनव्हासवर वगळलेले काही नाही, जे आहे ते तेथेच घडलेले आहे. त्यांनी कुंचल्याऐवजी रोलर व सुरी हाती घेतली. थरावर थर चढविणे, तो पुसणे, खरवडणे, कागदाचे तुकडे दाबून रंग उचलून घेणे, या क्रियांतून खालचा थर वरच्यातून उजळतो. येथे प्रकाश रंगविलेला नाही; द्रव्याच्या विरळपणामुळे तो दिसू लागला आहे.

प्रस्तुत लेखक राहतो त्या रावेत परिसरात गेल्या काही वर्षांत उंच इमारतींची दाटी झाली आहे, आणि रोलर हे हत्यार तेथे नित्य दृष्टीस पडते. रंगकाम करणारा कारागीर लांबी भरतो, घासतो, अस्तर देतो आणि मग 'रंगाचे दोन हात' मारतो. थराला 'हात' म्हणणारा हा शब्द विचार करण्याजोगा आहे. तो थराची जाडी सांगत नाही, वर्ण सांगत नाही. किती वेळा क्रिया झाली ते सांगतो. गायतोंडे यांच्या पृष्ठभागाचे वर्णन करण्यास आपल्या समीक्षेतील 'आशय' व 'अभिव्यक्ती' या साहित्यशास्त्रीय संज्ञांपेक्षा हा शब्द अधिक कामाचा आहे. भेद इतकाच, की कारागिराचा दुसरा हात पहिल्यास झाकण्यासाठी असतो, तर गायतोंडे यांचा त्यास दाखविण्यासाठी.

द्रव्य बदलले की चित्राचा स्वभाव बदलतो, हे प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या कामावरून स्पष्ट होईल. लोखंडी खिडक्या-कपाटांना देतात तो एनॅमल रंग त्यांनी कॅनव्हासवर आणला. तो सपाट बसतो व करणाऱ्याच्या हाताची खूण ठेवीत नाही. त्यामुळे त्यांच्या चित्रांतील पान वा घड्याळ कोणी काढल्यासारखे न वाटता रिकाम्या अवकाशात ठेवल्यासारखे वाटते. याच्या उलट टोकास अंबादास (१९२२–२०१२) आहेत. अकोल्यात जन्मलेल्या व १९७०नंतर नॉर्वेत स्थायिक झालेल्या या चित्रकाराच्या कॅनव्हासवर फटकारा हाच विषय आहे. रंगाची वाहण्याची गती तेथे गोठून राहिली आहे.

यावर कोणी म्हणेल, की अशाने कला केवळ तंत्रावर येऊन ठेपते. तसे नाही. कवितेत ध्वनीचा विचार केल्याने कविता ध्वनिशास्त्र होत नाही. परंतु ध्वनी न ऐकता केलेला कवितेचा विचार अपुरा राहतो. द्रव्य हा अर्थ नव्हे. अर्थाचा प्रश्न जेथून विचारता येतो ती जागा होय.

या विवेचनातून अभ्यासकांसाठी एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो, आणि तो गैरसोयीचा आहे. छापील पुस्तकात अथवा पडद्यावर वर्ण येतो, तोही बदलून; द्रव्य येतच नाही. छायाचित्रे पाहून लिहिलेले प्रबंध 'रंग' या शब्दाच्या निम्म्या अर्थाविषयी असतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहात गायतोंडे यांची चित्रे आहेत. अशा एका चित्रासमोर तासभर उभे राहावे, बाजूने पाहावे, थर मोजण्याचा प्रयत्न करावा, आणि 'याचा अर्थ काय' हा प्रश्न त्यानंतर विचारावा. तोपर्यंत 'चित्राची भाषा' हा शब्दप्रयोग आपण थोडा बाजूस ठेवला, तर भाषेचे काही बिघडणार नाही आणि चित्राचे पुष्कळ साधेल.